विद्यापीठात वाटा मागणारे बाबासाहेब

आमच्या निवासी विद्यालयातून दहावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना महाविद्यालयात प्रवेश मिळतो; पण परक्या शहरात राहायचे कोठे, खर्च भागवायचा कसा आणि वर्गात अडलेले विचारायचे कोणाला, हे प्रश्न त्यांच्यापुढे उभे राहतात. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेच प्रश्न स्वतः सोसले आणि पुढील पिढ्यांसाठी ते सोडविण्यात आयुष्य वेचले. त्यांच्या जीवनाची ही बाजू आम्ही या स्मरणिकेत मांडत आहोत.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब १९०७ साली मुंबईत मॅट्रिक झाले. संस्कृत शिकण्याची ओढ असूनही शाळेत त्यांना फारसी घ्यावी लागली. सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीच्या आधाराने ते पदवीधर झाले आणि १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे जात आड न येता शिकता येते, हा अनुभव त्यांना प्रथमच लाभला. पुढे लंडनमधील अध्ययन शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. विद्यार्थी त्यांची व्याख्याने मन लावून ऐकत. मात्र प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिऊ नये, अशी काही सहकाऱ्यांची हरकत होती. प्राध्यापकाची खुर्ची मिळाली तरी बरोबरीचा मान मिळत नाही, हे त्यांनी तेथे अनुभवले.

साठविलेला पैसा आणि स्नेह्यांचे साहाय्य यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले व अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करून परतले. १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ साली या सभेने सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. गरिबाच्या मुलाला शाळेत टिकायचे तर आधी निवारा आणि दोन वेळचे अन्न हवे, हे त्यांनी ओळखले होते.

१९२७ साली मुंबई विधिमंडळात मुंबई विद्यापीठाच्या कायद्यातील दुरुस्तीवर चर्चा झाली. बाबासाहेब तेव्हा सरकारनियुक्त सदस्य होते. विद्यापीठाने केवळ परीक्षा घेऊन थांबू नये, उच्च शिक्षण मागासलेल्या वर्गांपर्यंत पोहोचविणे हे त्याचे कर्तव्य आहे, अशी त्यांची भूमिका होती. विद्यापीठाच्या सिनेटमध्ये या वर्गांचे प्रतिनिधी असावेत, असा आग्रह त्यांनी धरला. पदवीधरच ज्यांच्यात मोजके, त्यांना निवडणुकीतून तेथे पोहोचणे अशक्यप्राय होते. म्हणून त्यांच्यासाठी नियुक्तीची मागणी त्यांनी केली. नियम ठरविणाऱ्यांत आपले कोणी नसेल तर आपल्या अडचणी त्या नियमांत येणार नाहीत, हा त्यामागील विचार होता.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. ज्यांना विद्येपासून दूर ठेवले गेले त्यांच्यासाठी ते काढले असले, तरी त्याची दारे सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना खुली होती. पोटासाठी नोकरी करणाऱ्यांनाही शिकता यावे म्हणून तेथे सकाळी वर्ग भरत. विद्यार्थ्याने संस्थेच्या वेळेप्रमाणे जगावे, असे न म्हणता विद्यार्थ्याच्या जगण्याप्रमाणे संस्थेची वेळ ठरविली गेली.

मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि पदवीच्या शिक्षणासाठी तेथील तरुणांना दूरच्या शहराची वाट धरावी लागे. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबाद येथे महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले. त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणतात. राजा मिलिंदाने भिक्खू नागसेनांना निर्भयपणे प्रश्न विचारले आणि भन्तेंनी त्यांची उत्तरे दिली, ही 'मिलिंदपञ्ह' या पालि ग्रंथातील परंपरा या नावांत जपली आहे. खेड्यापाड्यांतून आलेली मुले नागसेनवनातील वसतिगृहांत राहून शिकली; त्यांतूनच पुढे लेखक, शिक्षक आणि अधिकारी घडले.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. १९५८ साली औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला. परंतु त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली. विद्यापीठ सर्वांचे आहे हे मान्य होण्यासाठी केवढी किंमत मोजावी लागते, हे आम्ही विसरू शकत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही इतकेच सांगू इच्छितो, की महाविद्यालयात संकोचाने मागच्या बाकावर बसू नका. प्रश्न विचारा, विद्यार्थी मंडळात जागा मागा आणि तुमच्या मागून गावाकडून येणाऱ्या मुलाला प्रवेशअर्ज भरण्यास व खोली शोधण्यास मदत करा. बाबासाहेबांनी मागितलेला वाटा त्यानेच पुढच्यांच्या हाती पोहोचेल.

महामानवाच्या स्मृतीस आम्हा सर्वांचे विनम्र अभिवादन!