आविलाची संत तेरेजा आणि अंतरीचा आवाज

१५ ऑक्टोबर हा आविलाच्या संत तेरेजाचा सण. तिच्या ध्यानप्रार्थनेविषयी आपण प्रवचनांतून पुष्कळ ऐकतो. तिला आवाज ऐकू येत असत, आणि आजारपणामुळे आवाज ऐकणाऱ्यांविषयीही तिने लिहून ठेवले आहे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. आपल्यातल्या काही घरांत आज हाच प्रश्न उभा आहे. मुलाला किंवा मुलीला आवाज ऐकू येतात, घरचे नोव्हेना करतात, एका प्रार्थनासभेतून दुसऱ्या प्रार्थनासभेत नेतात आणि डॉक्टरांच्या गोळ्या बंद करतात. त्या घरांसाठी आम्ही ही जीवनकथा सांगत आहोत.

तेरेजाचा जन्म २८ मार्च १५१५ रोजी स्पेनमध्ये झाला. तिचे आजोबा यहुदी धर्मातून ख्रिस्ती झालेले. इन्क्विझिशनने त्यांना शिक्षा केली होती, त्यामुळे त्या घराला धर्मन्यायालयाची भीती नवी नव्हती. विसाव्या वर्षी ती आविलाच्या कार्मेल मठात गेली आणि लवकरच तिची प्रकृती ढासळली. वडिलांनी तिला बेसेदास गावातील एका वैदूबाईकडे नेले. तिथल्या जालीम जुलाबांनी ती अर्धमेली झाली. १५३९ च्या ऑगस्टमध्ये ती चार दिवस बेशुद्ध होती. मठात तिच्यासाठी कबरही खणून ठेवली होती! त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे तिला नीट चालता आले नाही. आजार म्हणजे काय आणि चुकीचा उपचार म्हणजे काय, हे तिला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

चाळिशीच्या सुमारास प्रार्थनेत तिला शब्द ऐकू येऊ लागले. कानांनी नव्हे, अंतरात, पण कानांनी ऐकल्याहून स्पष्ट. तिने ते लपवले नाही. फ्रान्सिस्को दे साल्सेदो हे सज्जन गृहस्थ आणि फादर गास्पार दासा यांना तिने सारे सांगितले. विचारांती दोघांनी हे सैतानाचे काम असल्याचा निर्णय दिला. तेरेजा इतकी घाबरली की खोलीत एकटी राहीना. येशूसंघाच्या तरुण फादर दिएगो दे सेतिना यांनी तिला प्रथम धीर दिला. पुढे दर्शने होऊ लागली तेव्हा एका धर्मगुरूंनी आज्ञा केली की, दर्शन होताच बोटांमध्ये अंगठा खुपसून तुच्छतेची खूण करावी. प्रत्यक्ष प्रभूला असे हिणवायचे! तिने दुःखाने ती आज्ञा पाळली. नंतर एका विद्वान डॉमिनिकन धर्मगुरूंनी ती आज्ञाच अयोग्य ठरवली. १५६० मध्ये फ्रान्सिस्कन संत पीटर आल्कान्तारा यांनी तिचा अनुभव ओळखला आणि तिच्या मार्गदर्शकांचीही समजूत घातली.

१५७७ मध्ये लिहिलेल्या 'अंतरीचा किल्ला' या ग्रंथात तिने पारख दिली आहे. देवाचा शब्द जे बोलतो ते घडवतो, मागे शांती ठेवतो आणि दीर्घकाळ स्मरणात राहतो. तो पवित्र शास्त्राविरुद्ध नसतो. आणि गंभीर बाबतीत, विशेषतः दुसऱ्या कुणाविषयी काही ऐकले तर, विद्वान धर्मगुरूला विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये.

त्याच प्रकरणात आम्हाला सर्वात मोलाचा वाटणारा भाग आहे. मनाने आजारी किंवा दुबळ्या कल्पनाशक्तीची व्यक्ती आवाज ऐकल्याचे सांगते, तेव्हा तिला सैतान लागला असे म्हणून घाबरवू नये, आजारी माणसाचे ऐकावे तसे तिचे ऐकून घ्यावे. त्या आवाजांना महत्त्व देऊ नकोस असे तिला सांगावे आणि तिची प्रार्थनेची वेळ कमी करावी. होय, कमी! एक धर्मभगिनी आठ-आठ तास गुंगीत पडून राहत असे. भोवतालच्यांना ती समाधी वाटली. तिला भरपेट जेवण, झोप आणि कमी तपश्चर्या मिळताच सारे थांबले. मठांच्या स्थापनेविषयीच्या ग्रंथात मनोविकाराला मोठा आजार मानून औषधोपचार करावा, असेही ती लिहिते. तिथे धाक आणि शिक्षेचेही उपाय आहेत. ते सोळाव्या शतकाचे आहेत, आज कुणी अनुसरू नयेत.

काही अभ्यासकांनी तेरेजालाच अपस्मार होता असा तर्क केला आहे. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या रुग्णाचे निदान करणे अवघड. मात्र आवाज ऐकणाऱ्या या बाईने सतरा मठ स्थापन केले, हिशेब ठेवले, खटले लढवले आणि शेकडो पत्रे लिहिली. आज स्किझोफ्रेनियासारख्या आजारांतील आवाजांवर औषधे आहेत. पुष्कळांना त्यांचा गुण येतो. डॉक्टरांना न विचारता ती थांबवली तर आजार उलटू शकतो. रुग्णासाठी प्रार्थना जरूर करावी, गोळी चालू ठेवून.

तेरेजाचे आत्मचरित्र १५७५ मध्ये इन्क्विझिशनने ताब्यात घेतले. ४ ऑक्टोबर १५८२ रोजी आल्बा दे तोर्मेस येथे ती मरण पावली, तेव्हाही ते तिथेच होते. त्याच रात्री नवी दिनदर्शिका लागू झाल्याने दुसरा दिवस १५ ऑक्टोबर उजाडला. आत्मचरित्र १५८८ मध्ये छापले गेले. १२ मार्च १६२२ रोजी, गोव्याच्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबरच, ती संत म्हणून घोषित झाली, आणि १९७० मध्ये ख्रिस्तसभेची पहिली महिला धर्मपंडिता.