विश्लेषण : ‘शिंगाळ्या’ला शास्त्रीय नाव देणारा कर्नल साइक्स कोण? हा मासा घरच्या टाकीत मावतो का?

तापीकाठी जाळ्यात बोटभर शिंगाळ्याचे पिल्लू आले, की कुणीतरी ते घरच्या काचेच्या टाकीत सोडतो. लांब मिशा, चकचकीत अंग, ऐट मोठी. काही महिन्यांतच टाकीतले लहान मासे दिसेनासे होतात. या माशाचे शास्त्रीय नाव ‘स्पेराटा सीनघाला’. ते मराठी नावावरूनच पडले आणि देणारा होता ईस्ट इंडिया कंपनीचा एक फौजी अधिकारी.

कोण होते साइक्स?

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म १७९० मध्ये इंग्लंडमधील यॉर्कशायरचा. कोवळ्या वयात ते कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाले. १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात होते, १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढले. मराठी आणि हिंदुस्तानी त्यांना येत होती. १८२४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांना सांख्यिकी वार्ताहर नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांची लोकसंख्या, शेती, जमीनधारा, हवामान यांची मोजदाद करायची होती. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा खानदेशातच होता. १८२९ मध्ये हे पद बंद झाले, तरी साइक्स यांनी काम पुरे केले आणि १८३१ मध्ये ते मायदेशी परतले.

मासे कुठून आले?

माणसे मोजता मोजता त्यांनी पक्षी, प्राणी आणि मासेही नोंदवले. दख्खनच्या माशांवरचा त्यांचा निबंध १८३९ मध्ये छापून आला. चित्रांसह विस्तृत आवृत्ती १८४१ ची. शिंगाळा त्यांनी पुण्याच्या मुळा-मुठेतून वर्णिला. खुदरी, घोगरा, मळ्या ही मासेमारांच्या तोंडची नावे त्यांनी जवळपास जशीच्या तशी शास्त्रात नेली. एखाद्या लॉर्डचे नाव चिकटवणे सोपे होते. तो मोह त्यांनी बहुतेक वेळा टाळला, हे त्यांचे मोठेपण.

मग टाकी केवढी हवी?

साइक्स लिहीत होते तेव्हा घरोघरी काचेची टाकी ही कल्पनाच नव्हती; लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले मत्स्यालय १८५३ चे. आज मात्र दोन फुटी टाकी सर्रास मिळते. तिचे माप २ बाय १ बाय १ फूट, म्हणजे दोन घनफूट. एका घनफुटात सुमारे २८ लिटर पाणी मावते, म्हणजे जेमतेम ५७ लिटर.

भांडखोर माशाचे गणित विकत घेतानाच्या लांबीवर करायचे नसते, पूर्ण वाढीवर करायचे असते. ढोबळ हिशेब असा : टाकीची लांबी माशाच्या चौपट आणि रुंदी किमान दीडपट. फुटाएवढा होणारा फ्लॉवरहॉर्न पाळायचा तर ४ बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे सुमारे २५५ लिटर. आणि त्यात तो एकटाच. उंचीपेक्षा तळाचे क्षेत्रफळ महत्त्वाचे, कारण मासा हद्द तळावर आखतो. नदीत हरलेला मासा पळून जातो. छोट्या टाकीत सगळीच जागा दांडग्याची होते आणि हरलेल्याला मरेपर्यंत मार खावा लागतो. शिवाय मांसाहारी मासा पाणी लवकर घाण करतो. पाणी कमी, तर त्यातला अमोनिया झपाट्याने वाढतो.

शिंगाळ्याला हाच नियम लावा. तो दीड मीटरपर्यंत वाढल्याच्या नोंदी आहेत. तीन फुटांचा धरला तरी टाकी १२ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद हवी. तीन फूट पाणी भरले तर ते साडेचार हजार लिटरांहून जास्त, म्हणजे साडेचार टनांवर वजन. घराच्या स्लॅबवर ठेवायची ही वस्तू नव्हे.

मासा मावेना, तर नदीत सोडावा का?

शिंगाळा मुळातच आपल्या नद्यांचा. पण टाकीतला आजार तो सोबत नेऊ शकतो. फ्लॉवरहॉर्न किंवा सकरसारखा परका मासा तर सोडूच नये. दक्षिण अमेरिकेतला सकर आज उजनीच्या जाळ्यांत येतो आणि मच्छीमारांना डोकेदुखी ठरतो. तापीत, उकाईच्या फुगवट्यात तेच घडू शकते. मोठी टाकी असलेल्या पाळणाऱ्याकडे किंवा दुकानदाराकडे मासा परत देणे हाच मार्ग.

साइक्स यांचे पुढे काय झाले?

लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या १८३४ मधील स्थापनेत ते होते. पुढे कंपनीचे संचालक, मग अध्यक्ष झाले आणि १८५७ पासून ॲबर्डीनचे खासदार. १८७२ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. माशांच्या शास्त्रीय यादीत शिंगाळ्यापुढे कंसात आजही साइक्स, १८३९ असे लिहिलेले असते. कंस एवढ्यासाठी, की त्यांनी ठरवलेली प्रजाती नंतर बदलली. ‘सीनघाला’ मात्र राहिले.