गुहेतील बत्तीस दिवस

रात्रभर जागरण केले तर पहाटे तीनच्या सुमारास डोळे उघडे ठेवणे किती कठीण जाते! पण उजाडले, की झोप न घेताही थोडी तरतरी येते. असे का होते? नॅथॅनिएल क्लाइटमन या शास्त्रज्ञाने आयुष्यभर या प्रश्नाचा पाठपुरावा केला.

त्यांचा जन्म १८९५ साली किशिनेव्ह येथे झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज ते मोल्दोव्हा देशाची राजधानी आहे. १९१५ साली ते न्यूयॉर्कला आले. पुढे १९२३ साली त्यांनी शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

त्या काळी झोपेच्या अभ्यासाकडे फारसे कोणी वळत नसे. क्लाइटमन स्वतःवरच प्रयोग करीत. ते कित्येक दिवस सलग जागे राहत. त्यांना आढळले, की जागरण वाढले तरी सुस्ती सारखी वाढत नाही. ती रात्री दाटते, दिवसा ओसरते. शरीराचे तापमानही दिवसा थोडे चढते, रात्री उतरते. तापमान चढलेले असताना माणूस गणितेही लवकर सोडवतो.

पण हा चढउतार सूर्यामुळे होतो, की शरीराच्या आतूनच? हे कसे ठरवणार? सूर्यच दिसणार नाही अशी जागा हवी! जून १९३८ मध्ये क्लाइटमन आणि त्यांचा विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या मॅमथ गुहेत उतरले. आत मिट्ट काळोख आणि सुमारे १२ अंश सेल्सिअस थंडी. किडे आणि उंदीर वर चढू नयेत म्हणून पलंगाचे पाय औषधी द्रवाच्या डब्यांत ठेवले होते. तेथे त्यांनी २८ तासांचा दिवस पाळला : १९ तास जागायचे, ९ तास झोपायचे. असे ते ३२ दिवस राहिले.

निकाल मात्र दोघांचा वेगळा लागला. तरुण रिचर्डसनचे शरीर नव्या दिवसाला सरावले. त्रेचाळीस वर्षांच्या क्लाइटमन यांचे शरीर हट्टाने २४ तासांचाच दिवस पाळत राहिले. जागण्याच्या वेळी झोप यायची आणि झोपण्याच्या वेळी जाग! तुम्हांला हे अपयश वाटेल. पण सूर्य नसतानाही त्यांच्या शरीराने आपली लय सोडली नव्हती, हे विसरू नका.

१९५३ साली त्यांनी यूजीन असेरिन्स्की या विद्यार्थ्याबरोबर झोपेत डोळ्यांची वेगाने होणारी हालचाल जगापुढे मांडली. त्यामुळे त्यांची कीर्ती पसरली. १९७२ साली, क्लाइटमन हयात असतानाच, इतर संशोधकांना हे घड्याळ सापडले. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक चिमुकला पुंजका असतो. तेच हे घड्याळ. क्लाइटमन १९९९ साली वारले, तेव्हा ते १०४ वर्षांचे होते.