नजरेवर न विसंबणारे डॉ. सुखात्मे

बांधावर उभं राहून पिकाचा अंदाज सांगणारे पुष्कळ असतात. समोरचं टवटवीत पीक डोळ्यांत भरतं आणि अंदाज चुकतो. आम्हा डॉक्टरांचंही तसंच. एका दिवसाचा रक्तदाब, कालचा आहार एवढ्यावर मत बनवलं, तर फसगत ठरलेली. ही फसगत टाळायला शिकवणारे एक गणिती सातारा जिल्ह्यातले होते, डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे.

त्यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९३२ साली गणिताची पदवी घेऊन ते लंडनला गेले. तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून १९३६ साली त्यांनी संख्याशास्त्रात पीएच.डी. मिळवली. परतल्यावर काही काळ कोलकात्यात सार्वजनिक आरोग्याच्या संस्थेत शिकवून १९४० मध्ये ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत दाखल झाले.

देशात धान्य किती पिकतं, हा तेव्हा जीवनमरणाचा प्रश्न होता. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं दगावली. प्रत्येक शेत मोजणं अशक्य, आणि नजरअंदाजावर भरवसा नाही. सुखात्मे यांनी यादृच्छिक निवडीवर आधारलेले पीक कापणी प्रयोग देशभर रुजवले. कोणतं शेत आणि त्यातला कोणता तुकडा कापायचा, हे कर्मचाऱ्याच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून ठरवायचं. तुकडा फार लहान असेल तर कडेची रोपं आत ओढली जातात आणि उत्पन्न फुगवून दिसतं, हेही त्यांनी दाखवलं. आजही पीकविम्याची भरपाई ठरवताना हे प्रयोग होतात.

या निवडीचं सार दोनच अंकांत मावतं. निवडलेल्या तुकड्याला १, बाकीच्यांना ०. संगणकाच्या भाषेत अशा यादीला ‘मास्क’ म्हणतात. आपल्या मास्कसारखाच तो काही झाकतो, काही उघडं ठेवतो. कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवताना तिच्या जाळ्यातले काही दुवे दर खेपेला असेच यादृच्छिकपणे बंद ठेवतात, म्हणजे ती घोकंपट्टी करत नाही. असे कोट्यवधी ०-१ झटपट लागतात. ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये हजारो छोटे गणक एकाच वेळी काम करतात. प्रत्येक जण आपल्या अनुक्रमांकावरून स्वतःचा यादृच्छिक अंक काढतो, शेजाऱ्यासाठी थांबत नाही. निम्मे दुवे झाकायचे असतील, तर ३२ बिटांच्या एकाच अंकातून ३२ निर्णय निघतात. सुखात्मे यांच्या काळात गावोगावचे सरकारी कर्मचारी हेच तक्ता हातात घेऊन करत. यंत्र बदललं, तरी निवड कुणाच्या आवडीनिवडीवर सोडायची नाही, हे तत्त्व कायम आहे.

१९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला गेले आणि सुमारे वीस वर्षं तिथे राहिले. जगात उपाशी किती, याचे तेव्हाचे आकडे ढोबळ होते. त्यांनी ते तपासून घेतले. प्रथिनांच्या तुटवड्याची ओरड चालू असताना, भारतात गरिबांची खरी कमतरता एकूण अन्नाची आहे, पोटभर जेवण मिळालं तर प्रथिनंही सहसा पुरतात, असं त्यांनी मांडलं. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पुढे पुण्यात परतूनही काम सुरूच राहिलं.

१९८२ मध्ये अमेरिकी संशोधक शेल्डन मार्गेन यांच्यासोबत त्यांनी एक वादग्रस्त मत मांडलं. एकाच माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक बदलते आणि शरीर काही मर्यादेत स्वतःच तोल सांभाळतं. म्हणून एका दिवसाचा कमी आहार म्हणजे कुपोषण नव्हे. डॉ. सी. गोपालन यांच्यासारख्या आहारतज्ज्ञांनी याला कडाडून विरोध केला. कमी अन्नाशी जुळवून घेताना वाढ आणि कामाची ताकद यांची किंमत मोजावी लागते, हा त्यांचा मुद्दा. मला तो महत्त्वाचा वाटतो. शरीर सोसतं, म्हणून रेशन कापता येत नाही.

सुखात्मे २८ जानेवारी १९९७ रोजी गेले. नवी मुंबईतल्या आमच्या सरकारी रुग्णालयात आई बाळाला घेऊन येते आणि काळजीने सांगते, ‘दोन दिवस नीट जेवलं नाही.’ बाळ खेळतं असेल, तर मी आधी महिन्यागणिक वजनाची नोंद मागतो. दोन दिवसांचं जेवण पुष्कळदा फसवतं. मात्र सलग महिन्यांच्या नोंदींत वजन अडकलेलं दिसलं, तर वाट पाहायची नसते.