आगरकर रस्त्यावरचे आघारकर कोण?

मुळशी-ताम्हिणीच्या डोंगरात कारवी माजते, ती कुणी लावलेली नसते. फार्महाउसच्या कुंडीतला अझेलिया मात्र नर्सरीतूनच येतो. पानगळ होणारे अझेलिया रानात भेटतात ते थेट उत्तर अमेरिकेत, चीन-जपानमध्ये आणि काळ्या समुद्राच्या आसपास. एकाच गोतातली झुडपं इतकी लांब लांब कशी पोचली? असले प्रश्न मालवणच्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांना पडायचे.

जन्म १८८४ चा. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायचे आणि सह्याद्रीत भटकायचे. सातारा जिल्ह्यातल्या नदीत त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश दिसला. तोवर या जातकुळीचा जेलीफिश फक्त आफ्रिकेतला माहीत होता!

१९१४ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने त्यांना जर्मनीला पाठवलं आणि महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजाजन म्हणजे शत्रू, म्हणून कैद झाली. सुटल्यावर दुसरा कुणी घरची बोट शोधली असती. यांनी बर्लिनमध्ये एंग्लर यांच्याकडे डॉक्टरेट पूर्ण केली. विषय होता, वायव्य भारतातल्या कोरड्या आणि खाऱ्या जमिनीवरच्या वनस्पती मुळात आल्या कुठून आणि त्यांचं बी पसरतं कसं.

पुढे कलकत्त्यात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. १९४६ मध्ये, साठी उलटल्यावर, त्यांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली आणि १९६० मध्ये मृत्यू येईपर्यंत ती चालवली. १९९२ मध्ये तिला आघारकरांचं नाव मिळालं. संस्था आहे समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाच्या रस्त्यावर, म्हणून ‘ग’ की ‘घ’ हा घोळ. आत हर्बेरियम आहे. तिथे रानातल्या वनस्पती वाळवून, कुठे सापडल्या त्या नोंदीसकट जपल्या आहेत.