रमण राघव: पडद्यावरचा सायको, येरवड्यातला कैदी

2016 साली 'रमन राघव 2.0' आला आणि नवाजुद्दीनला बघून भलेभले टरकले. पण तो खुनी काल्पनिक, आजच्या काळातला. खरा रमण राघव 1968 चा.

मुंबईच्या उत्तर उपनगरांत फुटपाथवर, झोपड्यांत झोपलेल्यांच्या डोक्यात तो रात्री जड हत्यार घालायचा. बळी सगळे गरीब. त्यांची नावं आज कुणाला आठवतात? तपास रमाकांत कुलकर्णींच्या क्राईम ब्रँचकडे गेला. ऑगस्टमध्ये सब-इन्स्पेक्टर ॲलेक्स फियाल्हो यांनी वर्णनावरून त्याला डोंगरीत धरलं. गडी तोंडच उघडेना. शेवटी कोंबडीचं जेवण मिळालं तेव्हा बोलला, असं सांगतात. 41 खून कबूल केले.

कोर्टाने फाशी सुनावली, त्याने अपीलही केलं नाही. हायकोर्टाने मात्र तीन मानसोपचारतज्ज्ञांकडून त्याला तपासून घेतलं. निदान झालं स्किझोफ्रेनियाचं, आणि फाशीची जन्मठेप झाली. सिनेमावाले हा भाग सहसा गाळतात.

मग पुण्यात येरवडा जेल. 1991 मध्ये श्रीराम राघवन यांनी रघुवीर यादवला घेऊन त्याच्यावर फिल्म केली, तेव्हा तो जिवंत होता. 1995 मध्ये ससून हॉस्पिटलात किडनीच्या आजाराने तो गेला.