विश्लेषण : सगळ्या नेटवर्कची नावे एकाच फाइलमध्ये होती तेव्हा… कोण होते जॉन पोस्टेल?

मोबाइलवर आपण संकेतस्थळाचे नाव टाइप करतो, पण यंत्राला लागतो आकडी पत्ता. नावावरून आकडा शोधून देण्याचे काम आज ‘डीएनएस’ ही यंत्रणा करते. तरीही तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये ‘होस्ट्स’ नावाची एक साधी फाइल अजून असते. एका ओळीत आधी पत्ता, मग नाव, एवढेच. बहुतेक यंत्रे आधी तिथे डोकावतात आणि मगच बाहेर विचारायला जातात. एके काळी साऱ्या नेटवर्कचा कारभार अशाच एका फाइलवर चालत असे. जॉन पोस्टेल हे त्या काळातले नाव.

पोस्टेल यांच्याकडे हे काम आले कसे?

कॅलिफोर्नियात ६ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांचा जन्म झाला. इंटरनेटच्या जडणघडणीत पुढे गाजलेले व्हिंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हे त्यांच्याच शाळेचे विद्यार्थी. १९६९ मध्ये ‘अर्पानेट’चे पहिले केंद्र लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झाले, तेव्हा पोस्टेल तिथे शिकत होते. वर्षअखेरीस जोडलेली केंद्रे होती अवघी चार. नेटवर्कचे नियम ज्या ‘आरएफसी’ टिपणांतून ठरत, त्यांचे संपादन त्यांच्याकडे आले. कोणता क्रमांक कोणत्या कामासाठी दिला याची नोंद कुणीतरी एकाने ठेवावी, असे त्यांनी १९७२ मध्ये सुचवले आणि ते किचकट काम स्वतःच अंगावर घेतले. लांब दाढी, पायात सँडल असा हा माणूस पुढे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत बसून हा हिशेब सांभाळत राहिला.

होस्ट्स फाइल अपुरी का पडली?

सुरुवातीला प्रत्येक केंद्र आपापली यादी ठेवी. मग एकाच संगणकाला दोन ठिकाणी दोन नावे, असा घोळ होई. १९७४ पासून मेनलो पार्कच्या ‘एसआरआय’ संस्थेत अधिकृत यादी ठेवली जाऊ लागली. एलिझाबेथ फाइनलर यांचा चमू ती सांभाळी. नवा संगणक जोडला की त्यांना कळवायचे, त्यांनी ओळ वाढवायची, इतरांनी फाइल उतरवून घ्यायची. सोसायटीच्या वॉचमनकडची वहीच म्हणा ना! चाळीस बिऱ्हाडांपुरती ती चालते. संगणक वाढले तशी फाइल फुगली, कुणाकडे नवी प्रत तर कुणाकडे शिळी, आणि एकदा घेतलेले नाव दुसऱ्याला मिळेना.

पोस्टेल यांनी सहकारी पॉल मोकापेट्रिस यांना आलेल्या प्रस्तावांतून तोडगा काढायला सांगितले. मोकापेट्रिस यांनी नवीच रचना मांडली. १९८३ मधली ही रचना म्हणजे डीएनएस. आता प्रत्येक संस्था आपल्या हद्दीतली नावे स्वतः सांभाळू लागली. पण सर्वांत वरची यादी कुणाच्या तरी हाती असणे भागच होते. ती जबाबदारी पोस्टेल यांच्याकडे राहिली. देशांसाठी त्यांनी दोन अक्षरी संकेतांची आंतरराष्ट्रीय यादी जशीच्या तशी उचलली. देश कोणता आणि कोणता नाही, हा वाद त्यामुळे त्यांच्या दारात आला नाही. भारताचे ‘डॉट इन’ १९८९ मध्ये नोंदले गेले, त्याचा कारभार मुंबईच्या ‘एनसीएसटी’कडे होता.

१९९८ मध्ये काय घडले?

नावे विकण्यात पैसा आला आणि मूळ यादी कुणाची, हा प्रश्न पेटला. तिची मुख्य प्रत एका खासगी कंपनीच्या सर्व्हरवर होती. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी मूळ सर्व्हर चालवणाऱ्या आठ जणांना ईमेलने कळवले, की यादी यापुढे माझ्या सर्व्हरवरून घ्या. आठही जणांनी ते ऐकले. वापरणाऱ्यांना पत्ताही लागला नाही, व्हाइट हाउसला मात्र लागला. दटावणी झाली आणि बदल मागे घेतला गेला. ही निव्वळ चाचणी असल्याचे पोस्टेल यांनी सांगितले, पण तेवढ्यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. कागदावर अधिकार कुणाचाही असो, सर्व्हर चालवणारे शब्द मानत होते तो पोस्टेल यांचाच.

त्याच वर्षी सप्टेंबरअखेर ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली आणि एका माणसाभोवतीचा कारभार तिच्याकडे जाऊ लागला. १६ ऑक्टोबरला हृदयशस्त्रक्रियेनंतर पोस्टेल गेले. वय अवघे ५५. सर्फ यांनी लिहिलेला मृत्युलेख आरएफसी मालिकेतच, २४६८ या क्रमांकाने नोंदला गेला.